थोरल्या काकांच्या शोकेसमधला शंख: कुणाला ओळखता येतोय का?

राजारामपुरी_सहावी:
नमस्कार मंडळी. आमचे थोरले काका गेल्या महिन्यात गेले. आयुष्यभर कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल इंजिनांचं काम केलं. कोकणातल्या लाँचांची इंजिनं बसली की रत्नागिरीहून निरोप यायचा आणि काका पान्यांची पिशवी घेऊन आंबा घाट उतरायचे. पैशाबरोबर खलाशी काहीबाही हातावर ठेवायचे, सुके बांगडे, कोलीम, शंखशिंपले. मासळी घरात संपायची, शंख शोकेसमध्ये जायचे. काकूंना मुलंबाळं नाहीत, त्या आता आमच्याकडेच राहणार, म्हणून घर आवरायला घेतलंय.

त्यातल्या एका शंखाचे फोटो खाली टाकलेत. पट्टी लावून मोजला, साडेअकरा सेंटीमीटर भरला. अंगानं सडपातळ, वरचा शेंडा उंच आणि पायऱ्या-पायऱ्यांचा. पांढऱ्यावर तांबूस तपकिरी रेघांचे बारीक त्रिकोण, एकावर एक रचलेले, आणि मधे दोन गडद पट्टे. एका बाजूला पांढरी भुकटी धरलीय, बोटानं पुसली की निघते, आठवड्यानं परत येते.

प्रश्न तीन. हा कशाचा आहे? साफ कशानं करायचा? आणि एका ओळखीच्या माणसाला फोटो दाखवला तर त्यानं दुसरं काही न विचारता "देणार काय?" म्हणून विचारलं. एवढं काय आहे त्यात?

तांबडा_पांढरा:
पहिला प्रश्न इचारायचा राहिला की ताई. रस्सा हुतोय काय ह्येचा?

कसबा_बावडा:
भावा, कुठंतरी गप बस. माणूस गेलंय त्यांच्यात.
ताई, आमच्या आजीच्या देवघरात शंख होता, तो जाडजूड पांढरा होता. हा त्यातला वाटत नाही. पूजेचा नसावा.

निवृत्त_मास्तर:
फोटो चांगले आलेत, पण शंखाचं तोंड दिसत नाही. फट अरुंद आणि वरपासून खालपर्यंत सरळ गेलीय का? की खाली रुंद होते? आणि शेंड्याचा एक फोटो वरून घ्या.

राजारामपुरी_सहावी:
सर, फट अरुंद आहे, करंगळीसुद्धा जात नाही. जवळजवळ शंखाएवढीच लांब. शेंड्याचा फोटो जोडलाय. प्रत्येक वेढ्याला वर धारदार काठ आहे, त्यामुळं देवळाच्या शिखरासारखं दिसतंय.

निवृत्त_मास्तर:
मग शंका नको. हा कोन जातीचा शंख, आणि कोनांमधलाही मोठा मानकरी. शास्त्रीय नाव कोनस मिल्नएडवर्डसाय. संग्राहकांच्या तोंडी याचं नाव "ग्लोरी ऑफ इंडिया". मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, प्रयोगशाळेच्या कपाटात कोनाच्या साध्या जाती पुष्कळ होत्या, हा मात्र चित्रातच बघत आलो. तुमच्या काकांच्या शोकेसला माझा नमस्कार सांगा.

थोडं सविस्तर लिहितो. हा प्राणी म्हणजे समुद्रातली गोगलगाय, पण शेवाळ खरवडत फिरणारी नव्हे. शिकारी. कोनांच्या नऊशेंहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या शिकार करून जगतात. पुष्कळशा जाती भरतीओहोटीच्या पट्ट्यात, प्रवाळात, उथळ वाळूत सापडतात. ही जात खोल पाण्यातली. लाल समुद्र, एडनचं आखात, आफ्रिकेचा पूर्व किनारा, मादागास्कर आणि आपला अरबी समुद्र इथं ती मिळते. किनाऱ्यावर फिरताना हाती लागायची गोष्ट नाही. जाळं खोल गेलं तरच.

१८९४ साली जूसोम नावाच्या फ्रेंच माणसानं हिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, एडनच्या नमुन्यावरून. मिल्न-एडवर्ड्‌स हे पॅरिसचे नामवंत प्राणिशास्त्रज्ञ, त्यांचं नाव दिलं. आता आपल्याकडची गंमत ऐका. त्या काळात पर्शियाच्या आखातात आणि अरबी समुद्रात तळाशी तारायंत्राच्या केबल टाकलेल्या होत्या. त्यांच्या दुरुस्तीला "पॅट्रिक स्ट्युअर्ट" नावाचं जहाज फिरायचं आणि त्यावर टाउनसेंड म्हणून कप्तान होता. त्याला शंखांचा भयंकर नाद. केबल बिघडली की तळातून वर ओढायची, आणि बरीच वर्षं खाली पडून असलेल्या त्या केबलला जे जे चिकटून, अडकून वर येईल ते हा गडी निवडून ठेवायचा. मुंबईपासून आत खुल्या समुद्रात, चाळीस-पंचेचाळीस वाव खोलीवरून, केबलबरोबर हे शंख वर आले. इंग्लंडमध्ये मेलव्हिल आणि स्टँडन यांनी १८९९ मध्ये त्यांना नवी जात समजून "क्लायटोस्पायरा" नाव दिलं. पुढं लक्षात आलं की जूसोमचीच जात ही. जुनं नाव राहिलं, नवं मागं पडलं.

मिरकरवाडा:
मास्तर, वाव म्हणालात त्याने बरे वाटले, नाहीतर हल्ली सगळे मीटर मीटर करतात. आमचे आजोबा दोरीला शिसे बांधून वाव मोजायचे. इथल्यांसाठी सांगतो, दोन्ही हात पसरले की एक वाव. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वाव म्हटल्यावर ऐंशी मीटरच्या आत-बाहेर.

आणि काकांना हा कसा मिळाला असेल ते मी सांगू शकतो. ट्रॉलरचे जाळे तळ घासत जाते. वर आले की ते डेकवर ओततात आणि सगळे खलाशी उकिडवे बसून निवडायला लागतात. कोळंबी एकीकडे, म्हाकूल एकीकडे, राणे एकीकडे. खाली जो चिखलगाळ उरतो त्यात तारामासे, शिंपले, खेकड्यांची पिल्ले, मोडके प्रवाळ. पुष्कळदा फावड्याने ओढून परत समुद्रात. त्यातूनच कुणीतरी उचलून बाजूला ठेवला असणार, मिस्त्रीला द्यायला.

उद्यमनगर_फिटर:
तुमच्या काकांचं नाव हितं लिहू नका, पण कोण ते मला कळलं. एक नंबर माणूस. क्रँकशाफ्टवर हात ठेवून बेअरिंग गेलंय काय राहिलंय सांगायचे.

आता माझा प्रश्न. मास्तर, गोगलगाय शिकार करती म्हंजे कशी करती? माझ्या परसात गोगलगाय हाय, कोथिंबिरीची काडी गाठायला सकाळची दुपार करती. मासा हिच्या हाताला लागंल व्हय?

निवृत्त_मास्तर:
रास्त प्रश्न. पळून पकडणं तिला शक्यच नाही, म्हणून तिनं पळण्याची गरजच काढून टाकली.

परसातल्या गोगलगायीच्या तोंडात कानशीसारखी दातेरी पट्टी असते, तिनं ती पाला खरवडते. कोनाच्या घराण्यात त्या पट्टीचा एकेक दात सुटा झाला, लांबला आणि गुंडाळी होऊन पोकळ नळी बनला. टोकाला काटे. असे तयार दात एका पिशवीत साठवलेले असतात. त्यातला एकच दात सोंडेच्या टोकाशी येतो. पाठीमागं विषाची लांब नळी, वेटोळं घालून बसलेली, आणि तिच्या शेवटाला स्नायूंचा फुगा.

आता शिकार. दिवसा प्राणी वाळूत पुरून असतो, वर फक्त एक नळी. त्या नळीतून पाणी आत ओढतो आणि आतल्या खास इंद्रियानं त्या पाण्याचा वास घेतो. डोळे आहेत, पण भरवसा वासावर. सावज जवळ आलं की सोंड हळूहळू लांबवतो, अगदी सावकाश, सावजाला पत्ता नाही. सोंड अंगाला टेकली की स्नायू आवळतात, दात सुटतो, पोकळीतून विष आत. मासे खाणाऱ्या जातींत हा प्रकार मिलिसेकंदांचा, डोळ्यानं दिसतच नाही, त्यासाठी वेगवान कॅमेरे लावावे लागले. मासा जागच्या जागी ताठ होतो. मग तोंड मोठं करून अख्खा गिळायचा. वापरलेला दात टाकून द्यायचा, पुढच्या वेळी पिशवीतून नवीन.

सगळ्याच कोनांना मासे लागत नाहीत. बहुतेक जाती वाळूतल्या किड्यांवर जगतात. काही इतर गोगलगायी खातात, त्यात स्वतःची भावकीही आली. मासेखाऊ थोड्या, पण सगळ्यात जालीम त्याच.

उद्यमनगर_फिटर:
आयला, हे तर फ्युएल इंजेक्टर झालं! मागं पंप, पुढं नोजल, मधी प्रेशर. नोजल गेलं की फेकायचं, नवीन टाकायचं. मिस्त्रीच्या घरात बरोबर शंख आला म्हणायचा.

तांबडा_पांढरा:
माणसाला मारतंय काय ह्ये? न्हाई म्हंजे पोरं घिऊन गणपतीपुळ्याला जातोय दिवाळीत.

निवृत्त_मास्तर:
कोनस जिऑग्राफस नावाची जात माणसाला मारते. हिंद आणि प्रशांत महासागराच्या प्रवाळांत असते. माणसं दगावल्याच्या नोंदी जुन्या आहेत. रुम्फियस नावाचा निसर्गअभ्यासक डच कंपनीच्या चाकरीत अंबोनला (आताच्या इंडोनेशियातलं बेट) होता, त्याच्या १७०५ साली छापलेल्या ग्रंथात कोन हातात धरल्यानं एक बाई दगावल्याचा उल्लेख आहे. बाकीच्या बऱ्याच जातींचा डंख गांधीलमाशीसारखा, दुखतो आणि जातो. पण कुठली कोणती हे किनाऱ्यावर उभं राहून कळत नाही. रिकामा शंख खुशाल उचला. आत जीव असलेला, शंकूच्या आकाराचा शंख हातात घेऊ नका, खिशात तर अजिबात नको. "जाड बाजूनं धरला तर काही होत नाही" असं कोणी सांगेल, त्यावर जाऊ नका, सोंड मागंपर्यंत वळते. गंमत म्हणजे डंख बसला तरी पुष्कळदा सुरुवातीला दुखत नाही.

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर:
मास्तरांनी शेवटी जे लिहिलंय तिथूनच आमचा धंदा सुरू होतो. दुखत नाही, कारण त्या विषात दुखणं बंद करणारे घटक आहेत.

डंख बसलाच तर आधी ते. यावर उतारा म्हणून कुठलीही लस नाही. हात-पाय स्थिर ठेवायचा, रुंद पट्टी घट्ट गुंडाळायची, चिरा पाडून विष काढायच्या भानगडीत पडायचं नाही, आणि तडक दवाखाना. श्वासाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून श्वास चालू ठेवणं हाच उपचार. विष उतरेपर्यंत यंत्रावर ठेवला तर माणूस वाचतो.

आता दुसरी बाजू. बाल्डोमेरो ऑलिव्हेरा हे फिलिपिन्सचे शास्त्रज्ञ. अमेरिकेत डीएनएवर काम करून १९७०च्या सुमारास मनिलाला परत आले तर प्रयोगशाळेत धड उपकरणं नाहीत. मग लहानपणी ज्यांचे शंख गोळा केले होते तेच प्राणी कामाला घेतले, ते मुबलक मिळत होते. सोबत लुर्डेस क्रुझ होत्या. पुढं अमेरिकेत युटा विद्यापीठात काम वाढलं. तिथं क्रेग क्लार्क नावाच्या विद्यार्थ्यानं शक्कल लढवली, विषातले घटक एकेक वेगळे करून थेट उंदराच्या मेंदूत टोचायचे. एका घटकानं उंदीर झोपला, एकानं गोल गोल पळत सुटला, एकानं नुसता अंग खाजवत बसला, एकानं थरथरायला लागला. म्हणजे ते एक विष नव्हतं, शेकडो औषधांची पेटी होती, प्रत्येकाचं मज्जातंतूवरचं कुलूप वेगळं.

तो थरथरवणारा घटक मायकेल मॅकिन्टॉश या पोरानं कोनस मेगस नावाच्या जातीच्या विषातून वेगळा केला. पोरगाच म्हणायचा, शाळा संपवून नुकता प्रयोगशाळेत आला होता. हा घटक मणक्यातल्या मज्जारज्जूत एका ठरावीक प्रकारचा कॅल्शियमचा मार्ग बंद करतो, आणि त्याच मार्गानं वेदनेचा निरोप पुढं जात असतो. त्याचंच औषध झालं, झिकोनोटाइड. अमेरिकेत डिसेंबर २००४ मध्ये मान्यता मिळाली.

कसबा_बावडा:
डॉक्टर, आमच्या ग्रुपवर आलं होतं, "गोगलगायीचं औषध मॉर्फिनच्या हजार पट, कॅन्सरवाल्यांना वरदान". तेच का हे? माझ्या सासऱ्यांना देता येईल का?

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर:
तेच हे, पण त्या मेसेजनं अर्धंच सांगितलंय. हजार पट हा आकडा प्राण्यांवरच्या प्रयोगांमधला. त्याचा अर्थ एवढाच की मात्रा अतिशय कमी लागते, मायक्रोग्रॅममध्ये. हजार पट आराम पडतो असं नाही.

गोळी नाही, दंडात टोचायचं इंजेक्शन नाही. मणक्याच्या पोकळीत बारीक नळी बसवून पंपानं थेंबथेंब द्यावं लागतं. रक्तात गेलं तर रक्तदाब उतरतो. मॉर्फिनची जशी सवय लागते, मात्रा वाढवत न्यावी लागते, तसं याचं होत नाही, हा खरा फायदा. पण भ्रम होणं, नसलेली माणसं दिसणं, बोलताना अडखळणं असले त्रास होतात, म्हणून ज्यांना बाकी कशानंच आराम पडत नाही त्यांच्यासाठीच ते ठेवलंय. सासऱ्यांच्या दुखण्यावर आपल्याकडे साध्या, स्वस्त आणि नीट दिल्या तर चांगल्या चालणाऱ्या गोष्टी आहेत. मॉर्फिनच्या गोळीला घाबरू नका एवढंच सांगेन. पेन क्लिनिकला किंवा वेदनाशमन विभागात दाखवा. कागदपत्रं मला व्यक्तिगत निरोपात पाठवलीत तरी चालेल.

गंगावेस_मावशी:
मला शुगर आहे हो. त्यावर काही निघालंय का ह्या गोगलगायीतून? हसू नका कोणी.

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर:
हसण्यासारखं नाहीच मावशी, तुमचा नेम बरोबर बसलाय. वर मास्तरांनी ज्या जिऑग्राफसचं नाव घेतलं तो मासे पकडायला दुसरीच युक्ती करतो. तोंड जाळ्यासारखं पसरतो आणि पाण्यात इन्शुलिन सोडतो. खरंखुरं इन्शुलिन, आणि तेही माशांच्या इन्शुलिनशी मिळतंजुळतं. माशांची साखर एकदम उतरते, ते गुंगीत येतात आणि आपणहून त्या जाळ्यात राहतात. २०१५ मध्ये युटातल्याच मंडळींनी हे प्रसिद्ध केलं. आपल्या इन्शुलिनचे कण एकमेकांना चिकटून गठ्ठे करतात आणि ते सुटायला वेळ जातो. गोगलगायीच्या इन्शुलिनमध्ये चिकटणारा तो तुकडाच नाही, त्यामुळं ते लगेच काम करतं. त्यावरून झटपट लागू पडणारं इन्शुलिन बनवायचा अभ्यास चालू आहे. तोवर तुमची गोळी आणि रंकाळ्याच्या फेऱ्या.

गंगावेस_मावशी:
फेऱ्या चालू आहेत. फेरीनंतरची भेळ तेवढी सुटत नाही.
आणि पोरी, तुझ्या शंखाची भुकटी जायला चिंच-मीठ लाव. तांब्याचे बंब आम्ही त्यानंच लख्ख करतो.

निवृत्त_मास्तर:
नको! मावशी, माफ करा, पण चिंच नको, लिंबू नको, व्हिनेगर नको, बाथरूमचं ॲसिड तर मुळीच नको. शंख म्हणजे चुनखडी. आंबट लागलं की फसफसून विरघळतो, त्रिकोणांची नक्षी पहिली जाईल.

उलट ही भुकटीच आंबटपणामुळं आलीय. शोकेस कशाचं आहे? लाकूड किंवा प्लायवूड असणार आणि पुढं काच, बंद. लाकडातून आणि प्लायच्या गोंदातून ॲसेटिक आणि फॉर्मिक ॲसिडची वाफ हळूहळू निघत राहते. ती बंद कपाटात कोंडते, कोल्हापूरचा पावसाळा तिला ओल पुरवतो, आणि शंखाच्या पृष्ठभागावर क्षार तयार होतात. पुसले की गेले, पण प्रत्येक वेळी शंखाचा एकेक पापुद्रा घेऊन जातात. संग्रहालयवाले याला "बाईनचा रोग" म्हणतात. बाईन नावाच्या गृहस्थानं १८९९ मध्ये यावर लिहिलं. त्याला वाटलं जंतू आहेत. खरं रसायन १९८५ च्या सुमारास नीट उलगडलं. नाव मात्र रोगाचंच राहिलं.

उपाय साधा. शंख बाहेर काढा. बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यात बुडवून ठेवा, पाणी बदला, मऊ ब्रशनं हलक्या हातानं. मग सावलीत पूर्ण वाळवा, आतला वेढा वाळायला वेळ लागतो. त्यानंतर झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सुती कापडावर. लाकडात परत ठेवू नका. तेल, व्हार्निश काही लावू नका.

राजारामपुरी_सहावी:
सर, शोकेस प्लायचंच आहे, काकांनी स्वतः केलेलं. त्याच कप्प्यातल्या दोन कवड्यांवर पण भुकटी आहे, आणि खालच्या जाळीच्या उघड्या कप्प्यातले शिंपले स्वच्छ आहेत. आत्ताच सगळे बाहेर काढले. धन्यवाद.
तो माणूस परत आला होता. वीस हजार म्हणतोय.

तांबडा_पांढरा:
ईस हजार! ताई द्या की. काकूंच्या नावानं पोस्टात टाका.

काळा_कोट:
ताई, काही कबूल करायच्या आधी हे वाचा. मी वकील आहे, फौजदारी बघते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या अनुसूचीत २००१ मध्ये समुद्रातल्या काही शंखशिंपल्यांची भर पडली, आणि मास्तरांनी सांगितलेली ही जात नावानिशी अनुसूची १ मध्ये घातली. त्याच अनुसूचीत वाघ आहे. विक्री, विकायला काढणं, विकत घेणं, सगळं गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत, वर दंड, जो २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार. तो गृहस्थ वीस हजार देतोय, हिशोब तुम्हीच करा.

कसबा_बावडा:
मॅडम, हे जरा अतीच झालं. मेलेला शंख, तीस-चाळीस वर्षांपूर्वी जाळ्यात आलेला. कोणी मारायला गेलं नव्हतं. ट्रॉलरवाले रोज टनानं चिखल उपसतात, त्यांना कोण विचारत नाही, आणि राजारामपुरीतल्या एका बाईच्या शोकेसवर कायदा?

मिरकरवाडा:
बावडेकरांशी मी सहमत आहे. खलाशाला काय माहीत कुठला शंख कुठल्या अनुसूचीत. जाळे वर आले तेव्हा तो मेलेलाच असतो किंवा मरणार असतो. कायदा करणाऱ्यांनी एकदा डेकवर बसून निवडायला यावे.

काळा_कोट:
तुमचा राग रास्त आहे, ट्रॉलिंगबद्दल मी वाद घालणार नाही. पण कायद्याचा रोख बाजारावर आहे. वीस हजार मिळतात हे बंदरावर कळलं की आज जो शंख चिखलाबरोबर परत जातो तो उद्या वेगळा काढला जाईल, आणि परवा त्याच्यासाठी जाळं टाकलं जाईल. वाघाची कातडीही "आजोबांच्या काळातली" म्हणूनच विकली जायची.

आता ताईंचा प्रश्न. वारशानं अशी वस्तू आली तर नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे लेखी कळवायचं असतं. काकांकडे मालकीचं प्रमाणपत्र होतं का? नसणारच. २००३ मध्ये अशा वस्तू जाहीर करायला लोकांना एकशे ऐंशी दिवसांची मुदत दिली होती, तीही कधीच संपली. त्यामुळं माझा सल्ला, लपवू नका, विकू नका, कुणाला भेटही देऊ नका, कारण घेणाराही अडकतो. कोल्हापूरच्या वन विभागात उपवनसंरक्षकांच्या नावानं अर्ज करून स्वतःहून जमा करा. स्वतःहून गेलेल्या माणसाकडे आणि धाडीत सापडलेल्या माणसाकडे कोणी एका नजरेनं बघत नाही.

गंगावेस_मावशी:
अगं बाई, मग माझ्या परडीतल्या कवड्या? आणि देवघरातला शंख? तो काय वन खात्यात द्यायचा?

काळा_कोट:
मावशी, निवांत झोपा. माळेतल्या, परडीतल्या साध्या कवड्या आणि पूजेचा नेहमीचा शंख यादीत नाहीत.

निवृत्त_मास्तर:
जाता जाता, पूजेचा शंखही शिकारीच बरं का. वाळूत राहून किडे खातो. शंख वाजवताना कोणाच्या मनात येत नाही.

टाऊनहॉल_फिरस्ता:
कोल्हापुरात समुद्राचं काय काम म्हणून कोणी विचारायच्या आत सांगतो. टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, ग्रीक लोकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात सापडली. सातवाहनांच्या काळात कोणीतरी ती बंदरावरून घाट चढवून आणली. म्हणजे खालून वर काहीबाही आणायची आपली खोड दोन हजार वर्षांची. म्युझियमला शाळेच्या सहलीत जाऊन आलेले पुष्कळ असतील, मूर्ती आठवणारे कमी. आकारानं वीतभरसुद्धा नाही, नजरेतून सुटते.

उद्यमनगर_फिटर:
मास्तर, एक शंका. एवढ्या किमतीला घेणारी माणसं त्याचं करतात काय?

निवृत्त_मास्तर:
कपाटात ठेवतात. दुसऱ्याकडे नाही, याचं समाधान. याच घराण्यातला "ग्लोरी ऑफ द सीज", कोनस ग्लोरियामॅरिस, याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १७७७ साली केम्निट्झ नावाच्या अभ्यासकानं वर्णन केलं आणि पुढची जवळजवळ दोनशे वर्षं तो जगातला सर्वांत दुर्मीळ शंख समजला गेला. मोजकेच नमुने, तेही राजेरजवाड्यांकडे नाहीतर संग्रहालयांत. एक दंतकथा अशी की एका संग्राहकानं लिलावात दुसरा नमुना विकत घेतला आणि तिथल्या तिथं पायाखाली चिरडला, आपल्याकडचा एकमेव राहावा म्हणून. खरी असो नसो, माणसाचा स्वभाव बघता अशक्य नाही.

मग १९६९ मध्ये सॉलोमन बेटांवर ग्वादलकॅनालजवळ पाणबुड्यांना तो राहतो ती जागाच सापडली. शंभरावर शंख एकदम निघाले. भाव कोसळला. आज तो कुणालाही परवडेल अशा किमतीत मिळतो. शंख तोच, नक्षी तीच. प्राण्याला तो दुर्मीळ आहे हे कधीच माहीत नव्हतं, तो खोल पाण्यात बऱ्यापैकी सुखात होता, आपलीच जाळी तिथं पोचत नव्हती.

तांबडा_पांढरा:
म्हंजे वीस हजारवाल्याला सांगा, थांब गड्या, भाव पडतोय.

राजारामपुरी_सहावी:
त्याला नाही म्हणून कळवलं. "कशाला सरकारला फुकट देताय" म्हणून बराच वेळ समजावत होता, शेवटी फोन ठेवून दिला.

काकूंना सगळं वाचून दाखवलं. त्यांचं एकच म्हणणं, "त्यांनी कधी विकलं नाही, आपण कशाला विकायचं." इंजेक्टरचा किस्सा मात्र त्यांना फार आवडला, फिटर दादा. अर्ज काकूंच्या नावानं करू की माझ्या? आणि शंख जमा केल्यावर तो कुठंतरी कपाटात धूळ खात पडण्यापेक्षा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात मुलांना बघायला ठेवा, असं अर्जात लिहिता येतं का?

काळा_कोट:
वारस काकू आहेत, अर्ज त्यांच्याच नावानं, सही त्यांची. सोबत काकांच्या मृत्यू दाखल्याची प्रत आणि काकूंचं आधार. वस्तू कशी आली ते दोन ओळींत खरं खरं लिहा, लाँचवरचं काम, खलाशांनी दिली, साधारण कुठल्या दशकात. विद्यापीठाची विनंती जरूर लिहा. मान्य करणं त्यांच्या हातात आहे, पण कागदावर असलेलं बरं. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. जमा करताना पंचनामा किंवा पोच, जे देतील ते लेखी घ्या.

निवृत्त_मास्तर:
अर्जाला तीन फोटो लावा. तोंडाच्या बाजूनं, पाठीच्या बाजूनं आणि शेंडा वरून, प्रत्येकात शेजारी पट्टी. ओळख पटवायला वन विभागाला तज्ज्ञ लागला तर मी येतो, मंगळवार सोडून कधीही. कवड्यांचेही फोटो इथं टाका, त्या कुठल्या आहेत ते जमा करायच्या आधी बघून घेऊ. आणि नेताना कापसात गुंडाळू नका, त्याचे धागे शेंड्याच्या धारेत अडकतात. जुन्या धोतराचा तुकडा चालेल.